धावते समालोचन आणि घडणारी संहिता : स्पर्धात्मक व्हिडिओ गेमच्या प्रेक्षकाचा इतिहास

मराठीत 'समालोचन' हा शब्द दोन क्षेत्रांत नांदतो. ग्रंथाचे समालोचन होते आणि क्रिकेटच्या सामन्याचे धावते समालोचनही होते. पहिल्या समालोचनापुढे पूर्ण झालेली संहिता असते. दुसऱ्यापुढे ती घडत असते आणि समालोचकालाही तिचा शेवट ठाऊक नसतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या दुसऱ्या प्रकाराकडे सहसा गंभीरपणे पाहिलेले नाही. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी क्रिकेटच्या मराठी समालोचनाला जे रूप दिले त्याची दखल परिभाषेच्या चर्चेत घेतली जाते, निवेदनाच्या चर्चेत नाही. निवेदनमीमांसेचा सारा भर लिहिलेल्या कथेवर राहिला. पण डोळ्यांपुढे घडणाऱ्या आणि तरीही निवेदकावाचून न समजणाऱ्या घटनांचे एक मोठे दालन गेल्या पाच दशकांत उघडले आहे. ते व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचे होय.

कुस्ती पाहणाऱ्यास समालोचक नसला तरी खेळ काही अंशी कळतो. शरीर दिसते, पकड दिसते, पाठ टेकलेली दिसते. व्हिडिओ गेमच्या पडद्याचे तसे नाही. तो पडदा मुळात खेळणाऱ्यासाठी रचलेला असतो. त्यावरचे आकडे, कोपऱ्यातला नकाशा, लुकलुकणाऱ्या सूचना हे सर्व एकाच व्यक्तीला उद्देशून असते. मागे उभा राहून पाहणारा हा त्या पडद्याचा अभिप्रेत वाचक नव्हेच. तो दुसऱ्याला आलेले पत्र खांद्यावरून वाचणारा आगंतुक आहे. म्हणून या खेळांना प्रेक्षक आपोआप लाभला नाही, तो घडवावा लागला. खेळाडूंच्या निरनिराळ्या समूहांनी तो निरनिराळ्या रीतींनी घडविला. या रीतींमधील भेद देशोदेशींच्या रुचिभेदाने किंवा तंत्राच्या प्रगतीने स्पष्ट करण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. खेळाडू, निवेदक आणि प्रेक्षक या तिघांत ज्ञानाची वाटणी कशी झाली आहे, म्हणजे कोणास काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपलेले आहे, यावर रंजनाची रीत ठरते, असे या इतिहासातून दिसते.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 'स्पेसवॉर' या खेळाची स्पर्धा झाली. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी हे तिचे बक्षीस होते. स्टुअर्ट ब्रँड यांनी त्याच नियतकालिकात तिचा वृत्तांत लिहिला. या स्पर्धेचा प्रेक्षक म्हणजे आपली पाळी येण्याची वाट पाहणारा खेळाडूच होता. खऱ्या अर्थाने बाहेरचा असा प्रेक्षक तिला वृत्तांताच्या वाचकात मिळाला. १९८० मध्ये अटारी कंपनीने अमेरिकेत भरविलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या स्पर्धेत दहा हजारांहून अधिक लोक उतरले. पुढे आयोवा राज्यातील ऑटम्वा या गावी वॉल्टर डे यांनी १९८२ मध्ये 'ट्विन गॅलक्सीज' या आपल्या गेम पार्लरमधून देशभरच्या उच्चांकांची नोंदवही चालविली. या काळात पाहण्याजोगी गोष्ट एकच होती : आकडा. तासन्‌तास चाललेल्या एकट्याच्या खेळात प्रेक्षकासाठी घटना नव्हती, फक्त बेरीज होती. बेरजेला निवेदक लागत नाही. तिला नोंदवही पुरते.

निवेदकाची गरज खऱ्या अर्थाने निर्माण झाली ती दक्षिण कोरियात. अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा खेळ मार्च १९९८ मध्ये बाजारात आला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतरचा तो काळ होता. नोकऱ्या गेलेले लोक लहानसहान व्यवसायांच्या शोधात होते, वेगवान इंटरनेटचे जाळे विणले जात होते, आणि 'पीसी बांग' म्हणून ओळखली जाणारी, तासाच्या दराने संगणक देणारी दुकाने गल्लोगल्ली उघडत होती. 'स्टारक्राफ्ट' तेथे रुजला. १९९९ मध्ये टूनिव्हर्स या व्यंगचित्रपटांच्या वाहिनीने त्याच्या स्पर्धेचे प्रक्षेपण केले आणि त्याला मिळालेल्या प्रतिसादातून २००० मध्ये ऑनगेमनेट ही केवळ खेळांना वाहिलेली वाहिनी उभी राहिली.

या खेळाची रचना ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दोन खेळाडू एकाच नकाशावर आपापली वसाहत उभारतात, खनिज गोळा करतात, सैन्य घडवितात. नकाशा पडद्याहून कितीतरी मोठा असतो. एका वेळी त्याचा लहानसा तुकडाच दिसतो. शिवाय जेथे आपले सैन्य वा इमारत नाही तो प्रदेश धुक्याने झाकलेला असतो. प्रतिस्पर्धी काय रचतो आहे हे टेहळणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणजे दोन्ही खेळाडू अर्धे आंधळे असतात. प्रेक्षकासाठी मात्र दोन्ही बाजूंचे धुके उठविलेले असते. एका खेळाडूने विमानात सैनिक भरून ते नकाशाच्या कडेकडेने शत्रूच्या खनिजांमागे नेले, तर ते प्रेक्षकाला दिसते, शत्रूला दिसत नाही. ग्रीक शोकात्मिकेच्या प्रेक्षकाला इडिपसविषयी जे आधीच ठाऊक असते आणि इडिपसला नसते, त्याच जातीचे हे ज्ञानाधिक्य आहे. फरक इतकाच, की शोकात्मिकेत शेवटही ठाऊक असतो. येथे संकट ठाऊक आहे, शेवट नाही. विमान उतरण्यापूर्वीचे ते काही क्षण हेच कोरियन प्रक्षेपणाचे खरे भांडवल होते.

हे भांडवल वापरण्यासाठी दोन माणसे लागली. पहिला 'ऑब्झर्व्हर', म्हणजे नकाशाचा कोणता तुकडा केव्हा दाखवायचा हे ठरविणारा कॅमेरामन. त्याचा चेहरा कधी दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. पण कथा कोणाच्या नजरेने सांगायची याचा निर्णय त्याचा असतो. कादंबरीच्या समीक्षेत ज्याला दृष्टिकेंद्र म्हटले जाते ते येथे एका पगारी नोकराच्या उजव्या हातात होते. त्याने विमान दाखविण्यास चार क्षण उशीर केला की रहस्य उरते आणि उत्कंठा जाते. दुसरा अर्थातच बोलणारा निवेदक. ऑनगेमनेटवर या कामाची तिघांत वाटणी झाली. जॉन योंग-जुन आवाज चढवीत नेत, किम दो-ह्योंग डावपेचांची फोड करीत, आणि ऑम जे-ग्योंग गोष्ट सांगत. हे ऑम मूळचे चित्रकथांचे लेखक होते, ही गोष्ट आनुषंगिक नव्हे. सामना सुरू होऊन पहिली काही मिनिटे खेळाडू फक्त खनिज गोळा करीत असतात. त्या रिकाम्या वेळात कोणत्या खेळाडूने मागे कोणाकडून मार खाल्ला, या नकाशावर कोणाचे काय झाले, हे पुराण उलगडले जाई. कीर्तनाला जशी पूर्वरंगाची बैठक लागते तशी या बैठकीवर पुढचा रंग चढे.

या पुराणाचे एक उदाहरण पुरेसे आहे. खेळातील तीन वंशांपैकी प्रोटॉस हा वंश निवडणारे खेळाडू ऑनगेमनेटच्या स्पर्धेत शरद ऋतूत विजयी होतात, अशी एक समजूत रूढ झाली. २००१ मध्ये किम दोंग-सू जिंकला, २००२ मध्ये पार्क जॉंग-सोक, २००३ मध्ये पार्क योंग-उक, २००५ मध्ये ओ योंग-जोंग. यांपैकी तीन वेळा हरणारा एकच होता : लिम यो-ह्वान, त्या काळातील सर्वांत लाडका खेळाडू, ज्याला 'सम्राट' म्हणत. संख्याशास्त्र या योगायोगाला काडीची किंमत देणार नाही. पण 'शरदाची आख्यायिका' या नावाने ती समजूत एकदा प्रचलित झाल्यावर प्रत्येक शरदातला अंतिम सामना नव्याने सुरू होत नसे. तो आधीच्या सामन्यांचा पुढचा अध्याय म्हणून पाहिला जाई. याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते येथे ऋतुमानानुसार आखले गेले होते.

या घडणीचे सामर्थ्य अपयशातच अधिक दिसून येते. नोव्हेंबर २००४ मध्ये लिम यो-ह्वान आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी होंग जिन-हो यांच्यात उपांत्य सामना झाला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो हा सामना. लिमने तिन्ही डावांत अगदी प्रारंभीच सैनिक व कामकरी घेऊन होंगच्या दारात तटबंदी उभारण्याची एकच चाल केली आणि प्रत्येक डाव काही मिनिटांत संपविला. नियमांप्रमाणे यात गैर काहीच नव्हते. प्रेक्षक मात्र संतापले. खेळाडूचे काम जिंकण्याचे आहे की दाखविण्याचे, हा वाद त्यातून उफाळला, आणि होंगच्या वाट्याला सदैव आलेले दुसरे स्थान हा पुढे सबंध देशाच्या विनोदाचा विषय झाला. त्या रात्री ज्या प्रेक्षकांना ठकविल्यासारखे वाटले, त्यांनीच ती रात्र जपून ठेवली. त्याच वर्षीच्या जुलैत बुसान शहराच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या सांघिक अंतिम सामन्याला एक लाख लोक आल्याचे सांगितले गेले. किनाऱ्यावरच्या गर्दीचा आकडा शंभर टक्के विश्वसनीय नसतो, हे मान्य केले तरी वाळूत बसून दोन संगणकांवरील खेळ पाहणारा तो समुदाय लहान नव्हता.

ज्ञानाची ही विषम वाटणी टिकविण्यासाठी एक भौतिक व्यवस्था करावी लागली. प्रेक्षकाला जे दिसते त्यावर तो ओरडतो, आणि ती ओरड खेळाडूच्या कानी गेली तर त्यालाही कळते की काहीतरी येत आहे. कोरियन खेळाडूंच्या बोलीत यासाठी 'ग्वी-मॅप' असा शब्द आहे. त्याचा अर्थ कानाने पाहिलेला नकाशा. म्हणून खेळाडूंना आवाजबंद काचेच्या खोल्यांत बसविले गेले. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांमधील चौथी भिंत युरोपीय वास्तववादी नाटकात कल्पनेची होती. येथे ती काचेची झाली, आणि तिचे प्रयोजन आभास टिकविणे हे नसून ज्ञान अडविणे हे होते.

भांडणाच्या खेळांचा, म्हणजे 'स्ट्रीट फायटर' आणि त्याच्या भावंडांचा, समूह अमेरिकेत वाढला तो याच्या नेमक्या उलट परिस्थितीत. या खेळात लपलेले काहीच नसते. दोन योद्धे समोरासमोर, वर दोघांच्या प्राणबळाच्या दोन पट्ट्या, मध्ये घड्याळ. खेळाडूला जे दिसते तेच प्रेक्षकाला दिसते, तेवढेच दिसते, त्याच क्षणी दिसते. १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' गेम पार्लरमध्ये आला तेव्हा पुढचा डाव आपला म्हणून नाणे यंत्रावर ठेवून लोक भोवती उभे राहत. या वर्तुळातील प्रत्येक प्रेक्षक थोड्या वेळाने खेळाडू होणार होता आणि हरलेला खेळाडू पुन्हा प्रेक्षक. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील पार्लरमध्ये चाळीस जणांची 'बॅटल बाय द बे' ही स्पर्धा झाली. तीच २००२ पासून 'इव्होल्यूशन', संक्षेपाने 'ईव्हो', या नावाने ओळखली जाऊ लागली.

रोलां बार्थ याने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये पॅरिसच्या कुस्तीवर लिहिताना मुष्टियुद्ध आणि रंजनात्मक कुस्ती यांत भेद केला. मुष्टियुद्ध ही निकालाकडे जाणारी कथा आहे, तर त्या कुस्तीत प्रत्येक क्षण स्वतंत्रपणे वाचनीय असतो. भांडणाचे व्हिडिओ गेम या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. निकाल खरा असतो. तरी प्रत्येक क्षण वाचता येतो, मात्र ज्याला ती लिपी येते त्यालाच. २००४ च्या ईव्होत कॅल पॉली पोमोना येथे उमेहारा दाइगो आणि जस्टिन वाँग यांच्यात झालेल्या 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक'च्या सामन्यात हे स्पष्ट झाले. दाइगोच्या योद्ध्याचे प्राणबळ नावापुरते उरले होते. साधा बचाव केला तरी विशेष प्रहाराच्या झिजेने तो मेला असता. प्रेक्षकांतून जस्टिनला चेतविणारी आरोळी आली आणि जस्टिनने पंधरा आघातांची लाथांची मालिका सोडली. या खेळात आघात अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी दांडी शत्रूच्या दिशेने ढकलली तर तो इजा न होता परतविला जातो. ही वेळ सेकंदाच्या लहानशा अंशाची असते. दाइगोने पंधराही आघात परतविले आणि उलट प्रहाराने सामना जिंकला. मालिका पूर्ण होण्याआधीच सभागृह उभे राहिले होते. न जाणणाऱ्याला पडद्यावर एक बाहुली उड्या मारताना आणि दुसरी चमकताना दिसते, इतकेच.

दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही. तो उपांत्य सामना होता; अंतिम सामन्यात केंजी ओबाता याने त्याला हरविले. पण विजेत्याचे नाव आज अभ्यासकांनाच ठाऊक आहे आणि तो क्षण सर्वांना. निकालापेक्षा क्षण मोठा होणे हे समूहाच्या मूल्यव्यवस्थेविषयी बरेच सांगून जाते.

येथे नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. प्रयोग सिद्धीस गेला हे कशावरून ओळखावे, याची चर्चा करताना भरत प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांनाच प्रमाण मानतो. मानुषी सिद्धीचे तो दोन भाग करतो. वाङ्मयीत स्मित, हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार येतात; शारीरीत रोमांच, जागेवरून उठणे म्हणजे अभ्युत्थान, वस्त्र फेकणे म्हणजे चेलदान येते. प्रयोगांमध्ये चढाओढ असल्यास पताका कोणाला द्यावी हे ठरविणाऱ्या प्राश्निकांचाही तेथे विचार आहे. आपल्या समीक्षेत रससूत्रावर जितकी शाई सांडली गेली त्याच्या शतांशानेही ती या अध्यायावर सांडली गेली नाही. ईव्होच्या सभागृहात निवेदक असतात. पण ज्ञानाची उणीव भरून काढणे हे त्यांचे काम नसते, कारण ती उणीव प्रेक्षकांत नाही. ते गर्दीचेच मोठे तोंड असतात. त्यांची 'साधु' आणि 'अहो' ध्वनिक्षेपकातून येते, एवढेच. खेळाडूही काचेमागे नसतात. प्रेक्षक त्यांच्या पाठीशी श्वासाच्या अंतरावर असतो आणि त्याचा दाब खेळावर पडतो. हा दाब अन्याय्य आहे असे तेथे कोणी मानीत नाही. तो सोसणे हाही कौशल्याचाच भाग समजला जातो.

तिसरा समूह वेगधावकांचा. तेथे प्रतिस्पर्धी समोर नाही, धुके नाही, आणि अनेकदा रहस्यही नाही. एखादा जुना खेळ प्रारंभापासून शेवटापर्यंत कमीत कमी वेळात पुरा करणे ही त्यांची स्पर्धा. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'मध्ये खेळाची नोंद लहानशा फाइलमध्ये साठविण्याची सोय होती. दुसऱ्याने ती आपल्या संगणकावर चालविली की तोच खेळ पुन्हा घडे. १९९७ मध्ये 'क्वेक डन क्विक' या नावाने अनेकांच्या धावा जोडून संपूर्ण 'क्वेक' वीस मिनिटांच्या आत पुरा केल्याची नोंद प्रसृत झाली. २०१० च्या जानेवारीत अशा धावकांनी एका घराच्या तळघरात जमून एका सेवाभावी संस्थेसाठी खेळांची अखंड मालिका इंटरनेटवर दाखविली आणि दहा हजारांहून अधिक डॉलर जमविले. 'गेम्स डन क्विक' या मेळाव्यांची ती सुरुवात.

या मेळाव्यांचा प्रेक्षक संहिता आधीपासून जाणतो. बालपणी त्याने ती महिनोन्‌महिने वाचलेली असते. मग रंजन कशाचे? विपरीत वाचनाचे. १९९८ च्या 'झेल्डा' मालिकेतील 'ओकरिना ऑफ टाइम'मध्ये पहिल्या गुहेतील राक्षसाला मारल्यावर एका विशिष्ट रीतीने दाराशी वागले तर खेळाच्या स्मृतीची गफलत होऊन नायक थेट अखेरच्या प्रकरणात पोचतो. मधली सारी कथा, तिच्यातले तारुण्यात पदार्पण, सात वर्षांचा लोप, सगळे गळून पडते. २०१३ च्या उन्हाळी मेळाव्यात एका धावकाने हे करता करता, हात न थांबविता, यंत्राच्या स्मृतीत नेमके काय घडते आहे ते श्रोत्यांना समजावून सांगितले. धावकामागे कोचावर बसलेले त्याचे सोबती एरवी हे काम करतात. त्यांचे बोलणे समालोचनापेक्षा भाष्याला जवळचे आहे : मूळ सूत्र सर्वांना पाठ, कुतूहल ते कसे उलगडले जाते याचे. संहितेच्या फटी शोधून तिचा हेतू तिच्याच विरुद्ध उभा करण्याचे काम विरचनावाद्यांनी ग्रंथांवर केले. येथे ते घड्याळ लावून केले जाते. दोन्हींमध्ये एक दुष्ट आनंद आहे हे नाकारण्याचे कारण नाही.

प्रेक्षकालाही येथे संहितेत हात घालता येतो. 'सुपर मेट्रॉइड' या खेळाच्या शेवटी स्फोट होणाऱ्या ग्रहावरील काही प्राण्यांना वाचविण्याची एक आडवाट आहे. ती घेतल्यास काही सेकंद जातात. प्राणी वाचवायचे की मरू द्यायचे, हे मेळाव्यात देणगीदार आपल्या देणग्यांनी ठरवितात, आणि दोन्ही पक्ष एकमेकांवर कुरघोडी करताना पैसा जमतो तो तिसऱ्याच सत्कार्यासाठी. निवेदक या चढाओढीचे आकडे वाचून दाखवितो. तेव्हा नोंदवहीचा तो जुना आकडा परत येतो, पण आता तो प्रेक्षकाचा आकडा असतो.

ज्ञानाच्या वाटणीवर रंजन उभे असेल तर ती वाटणी बिघडल्यावर ते कोसळलेही पाहिजे. तसे झाले. २०१० मध्ये कोरियात 'स्टारक्राफ्ट'चे काही सामने सट्टेबाजांच्या सांगण्यावरून मुद्दाम हरल्याचे उघडकीस आले. गुंतलेल्यांत मा जे-युन हा होता. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑनगेमनेटची स्पर्धा जिंकून तो शिखरावर पोचला होता आणि अवघ्या आठवड्याने, ३ मार्चला, दुसऱ्या वाहिनीच्या अंतिम सामन्यात किम टेक-योंगकडून सरळ तीन डावांत हरला होता. त्याच्या उदयास्ताची कथा निवेदकांनी आणि प्रेक्षकांनी मिळून रचली होती. त्याच्यावर कायमची बंदी आली, न्यायालयानेही त्याला दोषी ठरविले. या प्रकरणाची चर्चा नीती आणि कायदा यांच्या अंगाने झाली. पण रंजनाच्या अंगाने घडले ते अधिक मूलगामी होते. तोवर खेळाडू आंधळा आणि प्रेक्षक डोळस अशी व्यवस्था होती. ठरवून हरलेल्या सामन्यात ती उलटी झाली. आता खेळाडूला शेवट ठाऊक होता. धुके प्रेक्षकावर आणि निवेदकावर पडले होते. काचेच्या खोलीतला माणूस सर्वज्ञ, आणि सर्व नकाशा पाहणारे अज्ञ. ज्या निवेदकांनी अशा डावांतील चुकांना मानसिक ताणाची, ढासळत्या आत्मविश्वासाची कारणे पुरविली असतील, त्यांचे ते सारे निवेदन मागाहून विडंबन ठरले. इतर कलाप्रकारांत अविश्वसनीय निवेदक ही एक क्लृप्ती असते. येथे निवेदक प्रामाणिक होता आणि संहिताच खोटी होती.

याच सुमारास दुसरा आणि अधिक लांबणारा प्रश्न पुढे आला : हा प्रेक्षक कोणाचा? कोरियन ई-स्पोर्ट्स संघटनेने २००७ मध्ये सांघिक स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क विकले. खेळाचा मालक ब्लिझर्ड या व्यवहारात कोठेच नव्हता. 'स्टारक्राफ्ट' ही आता सार्वजनिक संपत्ती झाली आहे, असा युक्तिवाद कोरियात केला गेला. फुटबॉलच्या सामन्यासाठी चेंडू बनविणाऱ्याची अनुमती कोण मागतो? ब्लिझर्डने २०१० मध्ये कोरियातील हक्क तिसऱ्याच कंपनीला दिले, वाहिन्यांवर दावे गुदरले आणि मे २०११ मध्ये तडजोड झाली. चेंडूची उपमा आकर्षक असली तरी टिकत नाही. चेंडूला नियम नसतात, नकाशा नसतो, धुके नसते. ही सर्व रचना कोणाच्या तरी लेखणीतून उतरली आहे. पण मालकाचा दावाही पूर्ण नाही. शरदाची आख्यायिका, काचेच्या खोल्या, विमान उतरण्यापूर्वीचा चढता स्वर यांपैकी काहीही विकत घेतलेल्या चकतीत नव्हते. संहितेचा कर्ता एक आणि प्रयोगाचे कर्ते अनेक, हा पेच नाटकाच्या व्यवहाराला जुना आहे. नाटकाला मात्र असा अनुभव क्वचितच आला असेल, की प्रयोगाला शब्द देणारा लेखक प्रयोग चालू असताना दिवे मालवू शकतो.

ही शक्यता काल्पनिक नव्हे. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेंडोचा २००१ चा खेळ. २०१३ च्या ईव्होत तो असावा म्हणून त्याच्या अनुयायांनी स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी चौऱ्याण्णव हजारांहून अधिक डॉलर जमवून जागा मिळविली. स्पर्धा तोंडावर आली असता कंपनीने त्याच्या प्रक्षेपणास मनाई केली. एकच गदारोळ उठला आणि त्याच दिवशी मनाई मागे घेतली गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये मात्र, साथीमुळे एकत्र जमणे अशक्य झाले असताना, याच समूहातील कार्यकर्त्यांनी सिद्ध केलेल्या 'स्लिपी' या प्रणालीवरून व्हावयाची 'द बिग हाउस'ची ऑनलाइन स्पर्धा कंपनीच्या नोटिशीने रद्द झाली. पाहणाऱ्यांनीच पाहण्याची साधने घडविली होती, आणि ती घडविल्याबद्दलच त्यांचे पाहणे थांबले.

मालकाने आपणहून प्रेक्षक घडविण्याचे प्रयत्नही झाले. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे 'डोटा टू'ची पहिली 'इंटरनॅशनल' स्पर्धा भरविली. २०१३ पासून प्रेक्षकांना विकलेल्या एका सचित्र पुस्तिकावजा वस्तूच्या किमतीतील पाव हिस्सा बक्षिसात पडू लागला, आणि २०२१ मध्ये बक्षिसाची रक्कम चार कोटी डॉलरपर्यंत पोचली. त्या वर्षी बुखारेस्टमध्ये साथीच्या भयाने ऐनवेळी प्रेक्षकांना प्रवेश नाकारला गेला. भरताची दैवी सिद्धी म्हणजे भरलेल्या प्रेक्षागृहातील निःशब्दता. येथे पैसा होता, निःशब्दता होती, प्रेक्षागृह रिकामे होते. विक्रीची पद्धत बदलल्यावर २०२३ मध्ये तीच रक्कम सुमारे तीस लाखांवर उतरली. आकड्याने प्रेक्षक मोजता येतो, बांधून ठेवता येत नाही, हे त्यातून व्हॉल्व्हला कळले असावे.

कोरियातील मूळ 'स्टारक्राफ्ट'च्या ऑनगेमनेट स्पर्धांचा शेवट ऑगस्ट २०१२ मध्ये झाला. अखेरचा अंतिम सामना हो योंग-मू याने जिंकला. त्याचा वंश प्रोटॉस होता. ऋतू मात्र शरद नव्हता. त्याच वर्षाच्या प्रारंभी दुसरी वाहिनी संगीताची झाली होती. निवृत्त खेळाडू आपापल्या घरून इंटरनेटवर खेळ दाखवू लागले आणि २०१६ मध्ये तेथूनच नवी स्पर्धा उभी राहिली. मग ३० जुलै २०१७ रोजी ब्लिझर्डने 'स्टारक्राफ्ट'च्या नव्याने रंगविलेल्या आवृत्तीचा प्रारंभसोहळा केला. त्यासाठी कंपनीने कॅलिफोर्नियातील आपले मुख्यालय निवडले नाही, सोलही निवडले नाही. तिने ग्वांगाल्लीचा किनारा निवडला, आणि लिम यो-ह्वान व होंग जिन-हो यांना पुन्हा समोरासमोर बसविले.